दोन चौकटींमधली जागा

मसूर स्टेशनवर चार मुलं उतरतात. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, नेसूला रेशीमकाठी धोतरं. साल १९०१. मुलं चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच मागे सरतो. पुढे एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. रात्री शिदोरी सोबत असते, प्यायला पाणी मात्र मिळत नाही. त्या चौघांतला एक म्हणजे भीमराव आंबेडकर.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दिल्लीच्या ‘नवयान’ने २०११ मध्ये काढलेल्या ‘भीमायन’ या चित्रकादंबरीत तो चित्रांतून येतो. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. आपल्या पात्रांना चौकटीत कोंडायला व्याम यांनी नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर जी नक्षी काढतात, तिच्या वळणदार पट्ट्यांनीच पानाचे भाग पडतात. सगळ्यात बोलके आहेत ते संवादाचे फुगे. साध्या, सोसणाऱ्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात येतं. अपमान करणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा उमटतो.

शब्दाला नांगी असते, हे सातवीतल्या मुलाला निबंधातून समजावायला किती तास लागतील? इथे ते एका पानात दिसतं. आणि दिसलं की मूल पुढचं पान वेगळ्या नजरेने बघतं, कोणाच्या तोंडी कोणता फुगा आहे ते शोधू लागतं.

वर्गात कॉमिक्स हवीत असं म्हणणारे बहुतेक जण एकच कारण देतात: मुलांना गोडी लागते. हे खरं असलं तरी अपुरं आहे. कडू औषधावर साखर लावावी तसं चित्र वापरलं, तर साखर चाटून मूल औषध थुंकून टाकतं. स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये, स्वतः कॉमिकच्याच रूपात, दाखवून दिलं की या माध्यमाची खरी ताकद दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत आहे. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसऱ्या चौकटीत किंकाळी. मधला घाव वाचणाऱ्याने स्वतः घालायचा असतो. शिकणं तिथेच घडतं.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळेत शिकवणाऱ्या जीन लुएन यांग यांना या माध्यमाची आणखी एक ताकद गणिताच्या तासाला उमगली. एका वर्गाचं बीजगणित त्यांच्याकडे होतं, पण काही तासांना स्वतः हजर राहणं जमत नव्हतं. म्हणून ते धडे कॉमिकसारखे काढून पाठवू लागले. मुलांना ती पानं सरांच्या प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षाही आवडली. कारण साधं होतं. बोललेलं उडून जातं, फळ्यावरचं पुसलं जातं; कागदावरची पायरी मात्र जागच्या जागी असते, आणि मुलाला वाटेल तितक्यांदा मागे जाता येतं. याच यांग यांची २०१६ मध्ये अमेरिकेत बालकुमार साहित्याचे राष्ट्रीय दूत म्हणून नेमणूक झाली.

आपल्याकडची वाट जुनी आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, ती दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक दैवतं माहीत असलेली आणि रामाच्या आईचं नाव ठाऊक नसलेलं पाहून. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांना इतिहास-पुराण आधी त्या पुस्तकांतून भेटलं आणि मग क्रमिक पुस्तकातून. तिथे देव उजळ आणि राक्षस काळे, ही टीकाही तितकीच खरी. पण म्हणून ती पुस्तकं कपाटात बंद करू नयेत. १९७९ मध्ये तिथेही बाबासाहेबांवर अंक निघाला. तो आणि ‘भीमायन’ शेजारी ठेवून तोच माणूस दोन हातांनी कसा काढला आहे हे विचारलं, तर त्या एका तासात इतिहास, चित्रकला आणि भाषा तिन्ही येतात.

चित्र वाचायला न शिकवता समोर ठेवलं की काय होतं, हे २०१२ मध्ये देशाने पाहिलं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं: राज्यघटना गोगलगायीच्या रूपात, तिच्यावर आंबेडकर, मागे चाबूक घेतलेले नेहरू. घटनेला इतका वेळ का लागला, असा प्रश्न चित्राखाली होता. पण संसदेत आणि रस्त्यावर पोचलं ते एकटं चित्र, आणि चाबकाने अनेकांच्या जुन्या जखमेवर बोट ठेवलं. ते दुखणं खोटं नव्हतं. पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्याच पुस्तकांत उन्नी आणि मुन्नी ही चित्रातली दोन मुलं पानोपानी अवघड प्रश्न विचारत होती. त्यांच्याबद्दल त्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही.

चित्राला बिचकणं फक्त आपल्याकडेच नाही. दहा वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, अमेरिकेत टेनेसीतल्या मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळाने ‘माउस’ हे आर्ट स्पीगलमन यांचं पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढलं. ज्यूंच्या संहारावरचं हे पुस्तक १९९२ मध्ये पुलित्झरने गौरवलेलं. कारण दिलं ते काही शिव्यांचं आणि एका नग्न चित्राचं.

छापील पुस्तकं महाग, हेही खरंच. ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने त्यावर सुटसुटीत रीत बसवली आहे: चार चौकटी, दोन ए-फोर कागद, काळी शाई. आधी गोष्ट ठरवायची, मग तिचे चार भाग, मग पेन्सिल, मग शाई. झेरॉक्स काढून दोन्ही कागद जोडायचे आणि भिंतीवर लावायचे. चित्र चांगलं येण्याची अट नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेलाही हे परवडतं. मसूरच्या प्रवासाच्या चार चौकटी करायच्या म्हटल्या तर स्टेशन, गाडी, रात्र आणि सकाळ एवढंच मावतं. गाडीवान बाजूने चालत असताना मुलांशी काय बोलला असेल, हे त्या चार चौकटींत कुठेच नाही. तास तिथून सुरू करावा.