सोयाबीनमधील फ्लॅव्होनॉइड आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

जबलपूर येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने विकसित केलेला ‘जेएस ३३५’ हा सोयाबीनचा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला आणि पुढील अनेक वर्षे मध्य प्रदेशाबरोबरच विदर्भ व मराठवाड्याच्या शिवारांतही त्याचेच वर्चस्व राहिले. तेलबिया म्हणून स्वीकारलेले हे पीक अलीकडे हृदयाचे औषध म्हणूनही सांगितले जाऊ लागले आहे. सोयाबीनमध्ये फ्लॅव्होनॉइड असतात, फ्लॅव्होनॉइड कोलेस्टेरॉल कमी करतात, म्हणून सोयाबीन खाल्ल्यास कोलेस्टेरॉल उतरते, अशी ही सरळ साखळी. तिच्या आधारे शेतकरी मेळाव्यात विस्तार कार्यकर्त्यास एक प्रश्न हमखास विचारला जातो: सोयाबीनचे पीठ सुरू केले तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येईल का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ते का, हे समजून घेतल्याशिवाय ते पटवून देता येत नाही.

कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते; पित्तरस आणि अनेक संप्रेरके त्यापासूनच तयार होतात. मनुष्याचे यकृत ते स्वतः तयार करते, कीटकांना मात्र ती क्षमता नाही. सोयाबीनची पाने खाणाऱ्या बहुतेक अळ्या पानातील वनस्पतिजन्य स्टेरॉल घेऊन त्याचे आपल्या शरीरात कोलेस्टेरॉलमध्ये रूपांतर करतात आणि त्यापासून कात टाकण्याचे संप्रेरक बनवितात. आहारात योग्य स्टेरॉल न मिळाल्यास अळीची वाढ खुंटते. अळीचा प्रश्न तुटवड्याचा, मनुष्याचा प्रश्न अतिरेकाचा.

रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिले, तर ते कण धमनीच्या अस्तराखाली शिरून साचतात. तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते; त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी मेदाने भरून फुगतात आणि त्याच जागी अडकून पडतात. वर्षानुवर्षे हा थर वाढून धमनी अरुंद होते. एखादे दिवशी थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, की हृदयात हृदयविकाराचा झटका आणि मेंदूत पक्षाघात होतो. या सर्व काळात रुग्णाला बहुधा काहीही जाणवत नाही. दुखत नाही म्हणून गोळी सोडण्याचा मोह होतो, तो यामुळेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढांमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. हा केवळ शहरांचा आजार राहिलेला नाही.

आता फ्लॅव्होनॉइडकडे वळू. ही संयुगे वनस्पती स्वतःसाठी तयार करते, मनुष्याच्या हृदयासाठी नव्हे, ही बाब आरोग्यविषयक प्रचारात सहसा विसरली जाते. सोयाबीनच्या मुळांतून स्रवणारी जेनिस्टीन व डेडझीन ही आयसोफ्लॅव्होन जमिनीतील ब्रॅडीरायझोबियम जिवाणूंना संकेत देतात. तो संकेत मिळाल्यावर जिवाणूंची गाठी बनविण्याची जनुके कार्यान्वित होतात आणि मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी धरतात. म्हणजेच पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळतो, तेव्हा त्याचे यश फ्लॅव्होनॉइडच्या या संवादावर अवलंबून असते. बुरशीचा हल्ला होताच हेच डेडझीन कच्चा माल म्हणून वापरून झाड ग्लायसिओलिन नावाचे बुरशीरोधक द्रव्य तयार करते. काही कीड-प्रतिकारक सोयाबीन वाणांच्या पानांत रुटिनसारखी फ्लॅव्होनॉइड आढळतात आणि ती खाणाऱ्या अळ्यांची वाढ मंदावते. मक्याच्या स्त्रीकेसरातील मेसिन हे कणसे पोखरणाऱ्या अळीला बाधक ठरते. मात्र तुरीच्या शेंगेवरील क्वेर्सेटिन-वर्गातील एक संयुग घाटेअळीला खाण्यास उत्तेजन देते, असेही आढळले आहे. एकाच कुळातील संयुगे कोठे अळीस रोखतात, कोठे आमंत्रण देतात. त्यामुळे ‘फ्लॅव्होनॉइड चांगले’ असे सरसकट विधान कीटकशास्त्रात टिकत नाही. आहारशास्त्रातही ते तितकेच सैल आहे.

प्रयोगशाळेतील परीक्षानळीत फ्लॅव्होनॉइड एलडीएलचे ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरे. परंतु खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडपैकी थोडाच भाग रक्तात पोहोचतो आणि तोही आतडे व यकृत यांनी बदललेल्या स्वरूपात. डेडझीनचे अधिक प्रभावी इक्वॉलमध्ये रूपांतर करणारे जिवाणू तर सर्वांच्या आतड्यात नसतात. त्यामुळे नळीतील परिणाम शरीरात जसाच्या तसा उतरत नाही. नेदरलँड्समधील झुटफेन येथे ८०५ वृद्ध पुरुषांच्या पाहणीत चहा, कांदा व सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. हे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ती पाहणी महत्त्वाची असली, तरी तिच्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. कांदा-सफरचंद अधिक खाणारा मनुष्य इतर बाबतींतही वेगळा असू शकतो.

सोयाबीनच्या बाबतीत प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये दररोज २५ ग्रॅम सोया प्रथिने हृदयविकाराचा धोका कमी करू शकतात, असे वेष्टनावर छापण्यास अनुमती दिली. पुढे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा दररोज सुमारे ५० ग्रॅम सोया प्रथिने घेऊनही एलडीएल सरासरी ३ टक्केच घटलेले दिसले. आणि वेगळी काढलेली आयसोफ्लॅव्होन दिल्यास एलडीएलवर परिणाम आढळला नाही. २०१७ मध्ये त्या प्रशासनाने स्वतःच १९९९ ची अनुमती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. आकड्यांत सांगायचे तर १६० असलेले एलडीएल ३ टक्के घटून १५५ होईल. स्टॅटिन गोळ्या प्रकार व मात्रेनुसार ते साधारण ३० ते ५० टक्के घटवितात. गोळीच्या जागी पीठ ठेवता येत नाही, त्याचे कारण या दोन आकड्यांतील अंतर.

मग सोयाबीन आहारात घ्यावे की नाही? अवश्य घ्यावे, पण योग्य कारणासाठी. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आहेत, तंतुमय भाग आहे आणि त्यातील मेद प्रामुख्याने असंपृक्त आहे. तूप, वनस्पती तूप किंवा चरबीयुक्त मांसाच्या जागी ते आले, तर त्या अदलाबदलीचा लाभ आयसोफ्लॅव्होनपेक्षा मोठा असतो. सोयाबीनमधील वनस्पतिजन्य स्टेरॉल आतड्यातील कोलेस्टेरॉलचे शोषण अडवितात, हेही सिद्ध आहे; परंतु एलडीएल ८ ते १० टक्के घटविण्यासाठी दररोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल लागतात आणि रोजच्या आहारातून त्याचा लहानसा अंशच मिळतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सोयाबीन तेलात आयसोफ्लॅव्होन असतात, असे सांगितले जाते. वस्तुतः तेल काढताना ती जवळजवळ सर्व पेंडीत राहतात, आणि आपल्याकडील पेंड मुख्यतः पशुखाद्यात किंवा निर्यातीत जाते. दाण्यातही त्यांचे प्रमाण सारखे नसते. अंकुराच्या भागात ते डाळिंब्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक असते आणि वाणानुसार बदलते. दाणे भरण्याच्या काळात तापमान अधिक राहिल्यास ते घटते. तेव्हा एखाद्या गावच्या सोयाबीनमध्ये इतकी आयसोफ्लॅव्होन आहेत, असे तपासणीविना सांगणे व्यर्थ आहे.

घरगुती वापरात कच्चे सोयाबीन थेट दळून घेऊ नये. त्यातील ट्रिप्सिन रोधक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतो. दाणे स्वच्छ करून सुमारे २० ते २५ मिनिटे उकळावेत, पाणी काढून टाकावे, उन्हात खडखडीत वाळवावेत आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळावेत. इंदूर येथील सोयाबीन संशोधन संस्थेचा ‘एनआरसी १२७’ हा वाण कुनिट्झ ट्रिप्सिन रोधकापासून मुक्त आहे. घरगुती वापरासाठी थोडे क्षेत्र ठेवणाऱ्यांनी त्याचा विचार करण्यास हरकत नाही. या पिठाच्या ३०० ग्रॅममध्ये सोयाबीन ३० ग्रॅम, म्हणजे सोया प्रथिने सुमारे १२ ग्रॅम येतात. चाचण्यांतील ५० ग्रॅमच्या चौथ्या हिश्श्याएवढी ही मात्रा कुटुंबाच्या पोषणासाठी मोलाची आहे. कोलेस्टेरॉलच्या उपचारासाठी ती पुरेशी नाही.

विस्तार कार्यकर्त्याने सोया पिठाची शिफारस करताना समोरच्या व्यक्तीस कोणती औषधे चालू आहेत, हे विचारावे. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्याने पीठ सुरू केले तरी गोळी चालू ठेवावी. मात्रेतील बदल रक्त तपासल्यानंतर डॉक्टरांनीच करावा. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी घेणाऱ्यांनी मात्र सोयाबीनचा पदार्थ आणि गोळी एकत्र घेऊ नये, कारण सोयाबीनमुळे त्या औषधाचे शोषण घटते. दोहोंत किती अंतर ठेवावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.