पीएचडीचे दिवे आणि प्रयोगशाळेचे दार

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपच्या जागांवर चर्चा चालू असताना विधान परिषदेत सत्तेच्या बाकावरून एक प्रश्न आला. पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार? महाराष्ट्रभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी त्याचा निषेध केला आणि तो योग्यच होता. परंतु घोषणा विरल्यानंतर या प्रश्नाचे शांतपणे उत्तर देणे हेही चळवळीचे काम आहे, असे आम्हाला वाटते. कारण हा प्रश्न फक्त एका पुढाऱ्याचा नाही. गावातला पाटील, बँकेचा साहेब आणि कधी कधी आपल्याच घरातला काकाही तो विचारत असतो.

विद्यापीठातील संशोधन म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा प्रत्येकी एक. पदवी अर्थशास्त्राची घ्यायची होती, तर मानववंशशास्त्राच्या वर्गात बसायची गरज काय होती? गरज होती. कारण ज्या रोगाचे निदान त्यांना करायचे होते, तो एका विषयाच्या कुंपणात मावणारा नव्हता.

त्याच मानववंशशास्त्राच्या वर्गात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. वयाची पंचविशी नुकतीच पूर्ण झालेली. त्या निबंधातला गाभ्याचा सिद्धांत असा की, भारतातील लोक वंशाने मिसळलेले आहेत आणि जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे. जात ही वंशाची भिंत नसून लग्नाचे कुलूप आहे, असा त्याचा सोप्या भाषेतला अर्थ.

आता पुढची गंमत पाहा. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ साली, पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारतीय लोकगटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या आधी २०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांचा अभ्यास आला होता. २०१३ चा अभ्यास सांगतो की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकगट मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले. २०१६ चा अभ्यास सांगतो की, सुमारे ७० पिढ्यांपूर्वी अनेक वरच्या जातिगटांत हे मिसळणे एकदम थांबले. संशोधकांनी हा काळ गुप्त राजवटीशी जोडला. बाबासाहेबांकडे ना जनुक वाचण्याचे यंत्र होते, ना रक्ताचे नमुने. समाजशास्त्राच्या बळावर त्यांनी जे मांडले, त्याच दिशेने प्रयोगशाळाही शंभर वर्षांनी पोहोचली.

पण येथेच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मिसळणे केव्हा थांबले, हे जनुक सांगू शकतो. ते कोणी थांबवले, कशासाठी थांबवले आणि कोणाच्या फायद्यासाठी थांबवले, हे जनुक सांगत नाही. त्यासाठी इतिहास लागतो, धर्मग्रंथांची चिकित्सा लागते, समाजशास्त्र लागते. एक शास्त्र दुसऱ्याचे काम करू शकत नाही आणि एकाला वगळून दुसरे पुरे पडत नाही.

आम्ही वकिली करतो, म्हणून कोर्टातले उदाहरण देतो. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो. कंत्राटदाराचा बचाव ठरलेला असतो. तो स्वतःहून उतरला, त्याला धोका कळायला हवा होता. या बचावाला उत्तर कोण देणार? रसायनशास्त्र देते. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असेल तेव्हा त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो, तेव्हाच कामगाराला वास येणे बंद होते. त्याला धोका कळायला हवा होता हा बचाव येथे कोसळतो. पण उतरवला जाणारा माणूस पिढ्यानपिढ्या त्याच जातींतला का असतो, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. ते समाजशास्त्राने द्यायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. हे निकाल कागदावरून प्रत्यक्षात आणायचे, तर दोन्ही शास्त्रे जाणणारी आपली माणसे आपल्याजवळ हवीत.

मग आमची मुले कोणत्या शास्त्रात आहेत? केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपचा नियमच पाहा. वर्षाला २००० जागा. त्यातल्या १५०० मानव्य आणि सामाजिक शास्त्रांसाठी, विज्ञानासाठी ५००. म्हणजे चारातली एक. आम्ही सामाजिक शास्त्रांना कमी लेखत नाही. आमची चळवळच त्या शास्त्रांवर उभी आहे. त्यातली एकही जागा कमी होता कामा नये. आमचे म्हणणे एवढेच की, विज्ञानाचे दार एवढे अरुंद का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कायद्याच्या पुस्तकाकडे वळावे लागते. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशाच्या आरक्षणाचा २००६ चा कायदा आपल्या समाजातील बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या कलम ३ ने अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा दिल्या. पण कलम ४ फारसे कोणी वाचत नाही. या कलमाने कायद्याच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टातील संस्थांना आरक्षणातून सूट दिली. कारण काय? तर त्या उत्कृष्टतेच्या, संशोधनाच्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था आहेत!

त्या यादीत कोण आहे? मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे आणि त्याच्याखालील भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था अशा संस्था आहेत. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. अणू, अवकाश, मेंदू, कर्करोग असे सगळे विषय तेथे आहेत. सामाजिक शास्त्रांची एकही संस्था त्या यादीत नाही. प्राध्यापकांच्या आरक्षणासाठी २०१९ साली जो कायदा झाला, त्यातही अशीच सूट आणि अशीच यादी आहे. या संस्थांत आमच्या मुलांना बंदी नाही, हे खरे. पण हक्काची जागाही नाही. उत्कृष्टता आणि आरक्षण एका ताटात जेवू शकत नाहीत, असे हे परिशिष्ट न बोलता सांगते. हा पंक्तिभेद नाही तर दुसरे काय?

पंक्तिभेद हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. याच यादीत कोलकात्याची साहा अणुभौतिकी संस्था आहे. ज्या मेघनाद साहांचे नाव तिला आहे, ते ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचे पुत्र. त्यांची जात खालची मानली जाई, म्हणून कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांच्या पंगतीत त्यांना जेवू दिले गेले नाही. पुढे १९२० साली याच माणसाने कलकत्ता विद्यापीठात काम करत असताना ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान समजून घेण्याचे समीकरण जगाला दिले. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना आजही त्यावाचून चालत नाही.

साहा ताऱ्यांपाशी थांबले नाहीत. बंगालच्या पुरांनी उद्ध्वस्त होणारी माणसे त्यांनी पाहिली होती. नदीचे नियोजन शास्त्रीय पद्धतीने झाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला आणि १९४३ च्या महापुरानंतर नेमलेल्या दामोदर चौकशी समितीतही ते होते. त्याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक अर्थशास्त्रज्ञ आणि नदी एकच. पीएचडी करून काय दिवे लावणार, असे विचारणाऱ्यांनी दामोदरच्या विजेवर लागलेले दिवे मोजावेत!

आता आपल्या दारात काय घडते आहे, ते पाहा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. हा प्रकल्प उभारणाऱ्या संस्थांत पुण्याची आयुका आहे, तशाच इंदूर आणि गांधीनगरच्या त्या दोन संस्थाही आहेत, ज्यांची नावे सूट मिळालेल्या यादीत आहेत. नामांतरासाठी ज्या मराठवाड्याने रक्त सांडले, त्याच मराठवाड्यात ब्रह्मांडाचा कानोसा घेणारे यंत्र बसणार. तेथे आमची मुले काय म्हणून जाणार? पहारेकरी म्हणून, की संशोधक म्हणून?

समाजबांधवांनो, त्यासाठी दोन पातळ्यांवर काम करावे लागेल. पहिली पातळी कायद्याची. २००६ आणि २०१९ या दोन्ही कायद्यांतील परिशिष्टे रद्द करा, ही मागणी आपल्या प्रत्येक परिषदेच्या ठरावात आली पाहिजे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक खासदाराला ती विचारली पाहिजे. फेलोशिपमधील विज्ञानाच्या जागा सामाजिक शास्त्रांना हात न लावता वाढवा, ही त्याला जोडून दुसरी मागणी.

दुसरी पातळी आपल्या वस्तीची. दहावीत गणित चांगले असलेल्या मुलीला नोकरी लवकर लागेल म्हणून आपणच दुसरीकडे वळवतो. विहारात स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, ते चालावेत. पण त्याच विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ भौतिकशास्त्र आणि गणितासाठी का नसावी? आपल्यातले निवृत्त शिक्षक, अभियंते, प्रयोगशाळेत काम केलेले कर्मचारी जवळपास प्रत्येक शहरात आहेत. त्यांना बोलवा. बीएस्सीला असलेल्या मुलांना विद्यापीठाचे संशोधन विभाग एकदा डोळ्यांनी दाखवून आणा. ज्याने दारच पाहिले नाही, तो ते ठोठावणार कसे?

मनूने आम्हाला एका विषयाची बंदी केली नव्हती; सगळ्याच ज्ञानाची केली होती. म्हणून हक्कही एका विषयाचा मागून भागणार नाही. जातीच्या उगमापासून ताऱ्यांच्या तापमानापर्यंत विद्यापीठात जे जे शोधले जाते, त्या प्रत्येक टेबलाशी आमची खुर्ची असली पाहिजे.