बरोबर प्रोग्रॅममधली चूक

पीएच.डी. करत असताना मी एका गणनेतला स्थिरांक चुकीचा लिहिला होता. चूक सापडली, दुरुस्त केली, आलेख पुन्हा काढला. तो तसाच! चार दिवस समीकरणं तपासण्यात गेले. मग शेजारच्या टेबलावरच्या मित्राने विचारलं, “अरे, कंपाइल केलंस का?”

प्रोग्रॅम आपण फोरट्रान किंवा सीसारख्या भाषेत लिहितो. कंपायलर त्याचा यंत्रभाषेत अनुवाद करतो आणि संगणक चालवतो तो हा अनुवाद. मी मूळ मजकूर सुधारला होता. चालत होता जुनाच अनुवाद.

एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांचीही एक सकाळ अशीच वाया गेली. ते तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. फेल्डमन यांना आदल्याच संध्याकाळी हाच अनुभव आला होता. त्यातून त्यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहिला.

मेक काय करतो? समजा, फेरतपासणीत एका मुलीचे गणिताचे गुण ५२ चे ५८ झाले. आता तिची बेरीज, टक्केवारी आणि वर्गाची क्रमवारी पुन्हा करावी लागेल. इतर मुलांच्या बेरजांना हात लावायची गरज नाही. कशावर काय अवलंबून आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून हे जमतं. मेकला ते ‘मेकफाइल’मध्ये लिहून द्यावं लागतं: अमुक फाइल तमुक फाइलींपासून बनते, आणि बनवायची आज्ञा ही. मग तो फक्त वेळा पाहतो. मूळ फाइल अनुवादापेक्षा नंतरची असेल, तर तेवढाच अनुवाद नव्याने करतो. शेकडो फाइलींच्या कामात यामुळे केवढा वेळ वाचतो! शिवाय एकदा नीट लिहिलेली मेकफाइल नावं बदलून पुढच्या कामालाही वापरता येते.

पण फाइलीत काय बदललं हे मेक वाचत नाही. नुसती उघडून जशीच्या तशी साठवली, तरी तो अनुवाद पुन्हा करतो. संगणकाचं घड्याळ चुकलं तर फसतोही.

आणखी एक गंमत. मेकफाइलीत आज्ञेची ओळ ‘टॅब’ने सुरू करावी लागते, तिथे साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात! हा दोष फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आला होता. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांची घडी कशाला विस्कटा, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या सोयीपायी नवशिके आजही त्या टॅबवर अडखळतात.