संगणक प्रणालींची जोडणी

संगणक प्रणालींची जोडणी : रचनेने भिन्न व परस्परांशी विसंगत असलेल्या संगणकांमध्ये माहितीची देवघेव घडवून आणण्याचे तंत्र. यात तार जोडणे हे सर्वांत सोपे काम होय. विद्युत् दाब, प्रेषणाचा वेग, अक्षरसंकेत आणि संवादाचे नियम या चारही पातळ्यांवर मेळ बसल्याखेरीज एका संगणकाचा संदेश दुसऱ्याला कळत नाही.

क्रमिक द्वार : अक्षराचे द्विमान अंक म्हणजे बिट एकामागून एक एकाच तारेतून पाठविणाऱ्या द्वारास क्रमिक द्वार किंवा सीरियल पोर्ट म्हणतात. यासाठी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज ॲसोसिएशनने १९६० मध्ये आरएस–२३२ हे मानक तयार केले. त्याची १९६९ मधील ‘सी’ आवृत्ती विशेष रूढ झाली. तीनुसार ग्राहक बाजूस −३ ते −१५ व्होल्ट दाब म्हणजे १ व +३ ते +१५ व्होल्ट दाब म्हणजे ० असे मानतात. प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभदर्शक व शेवटी समाप्तिदर्शक बिट असतो. दोन्ही बाजूंचा वेग एकच ठेवावा लागतो, अन्यथा निरर्थक चिन्हे उमटतात. हे मानक मुळात टर्मिनल मोडेमला जोडण्यासाठी असल्याने दोन संगणक थेट जोडताना प्रेषणाच्या व ग्रहणाच्या तारांची अदलाबदल करावी लागते.

अक्षरसंकेत : आस्की हा ७ बिटांचा संकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला; आयबीएम कंपनीने मात्र १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० संगणकांसाठी एब्सिडिक हा ८ बिटांचा संकेत वापरला. रोमन लिपीतील पहिल्या मोठ्या अक्षराचा क्रमांक आस्कीत ६५, तर एब्सिडिकमध्ये १९३ आहे. असे फरक कोष्टकाच्या साहाय्याने दूर करता येतात. परंतु एब्सिडिकमधील ¢ यासारख्या चिन्हाला आस्कीत जागाच नाही. अशा ठिकाणी रूपांतरात माहिती बदलते किंवा गळते.

प्रोटोकॉल परिवर्तक : आयबीएमच्या ३२७० मालिकेतील टर्मिनलवर वापरणारा पडद्यावरील रकाने भरतो व ती माहिती एकगठ्ठा संगणकाकडे जाते. व्हीटी–१०० सारखे टर्मिनल मात्र प्रत्येक अक्षर तत्काळ पाठविते. या दोहोंमध्ये सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा परिवर्तक बसवितात. तो पडद्याची प्रतिमा आपल्या स्मृतीत राखतो, संगणकापुढे ३२७० असल्याचे भासवितो व टर्मिनलला त्याच्या संकेतांत आज्ञा देतो. आयबीएम ७१७१ हा या प्रकारचा परिवर्तक होता.

हेच काम आज्ञावलीच्या साहाय्यानेही साधते. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये फ्रँक दा क्रूझ व बिल कॅचिंग्ज यांनी विकसित केलेला ‘कर्मिट’ हा प्रोटोकॉल याचे उत्तम उदाहरण होय. मधली उपकरणे नियंत्रक चिन्हे गिळून टाकीत, म्हणून कर्मिट ती छापण्याजोग्या चिन्हांच्या रूपात पाठवी. मूळ रूपात तो धारिका शंभराहून कमी अक्षरांच्या पुडक्यांत विभागी व प्रत्येक पुडक्याची पोच घेई. पडताळ्याची बेरीज न जुळल्यास ते पुन्हा पाठविले जाई.

मर्यादा व सद्यःस्थिती : प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र परिवर्तक वापरल्यास १० प्रकारच्या प्रणालींना ४५ परिवर्तक लागतील, सर्वांनी एक समाईक नियमावली स्वीकारल्यास प्रत्येक प्रणालीला तेवढ्या एकाच नियमावलीची सोय करावी लागते. अर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी नियमावली स्वीकारली व पुढे तीच जगभर रूढ झाली. १९९६ मध्ये यूएसबी मानक आल्यानंतर वैयक्तिक संगणकांवरील क्रमिक द्वार हळूहळू मागे पडले. तथापि कारखान्यांतील नियंत्रकांत व मापन उपकरणांत ते अजून आढळते. १९७९ मधील मॉडबस नियमावलीवर चालणारी उपकरणे आधुनिक जाळ्यांना जोडण्यासाठी आजही परिवर्तक वापरतात. कारण चालू स्थितीतील यंत्र बदलण्यापेक्षा त्याची भाषा समजणारा दुभाषी नेमणे पुष्कळदा स्वस्त व सुरक्षित ठरते.