बाही मन्याची, हात बंड्याचा!

दोस्तांनो, लपंडाव खेळताना तुम्ही कधी शर्टांची अदलाबदल केली आहे? ज्याच्यावर राज्य असतं, तो बाही पाहून ओरडतो, ‘मन्याऽऽ!’ आणि बाहेर येतो बंड्या! मग ‘अंडं फुटलं’ म्हणत सगळे नाचतात. असंच अंडं एकदा अमेरिकेत, चक्क कोर्टात फुटलं, बरं का!

१९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने ‘नॅपस्टर’ सुरू केलं. एकाच्या कॉम्प्युटरमधलं गाणं थेट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये, तेही फुकट! पण परवानगीशिवाय गाणी वाटणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. २००१ मध्ये कोर्टाच्या दणक्याने नॅपस्टर बंद पडलं. मग लोक ‘कझा’कडे वळले. तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवलं, आता गाणी वाटणाऱ्यांनाच पकडायचं.

पण पकडणार कसं? तिथे तर सगळी टोपणनावं! मात्र इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, आयपी अ‍ॅड्रेस. तो आकडा कुणाचा, हे जोडणी देणाऱ्या कंपनीला ठाऊक असतं. २००२ मध्ये संघटनेने ‘व्हेरायझन’ कंपनीकडे एका ग्राहकाचं नाव मागितलं. मागणीच्या कागदावर न्यायाधीशांची सही नव्हती, फक्त कोर्टातल्या कारकुनाची होती. व्हेरायझनने साफ नकार दिला. असा कागद दाखवून उद्या कुणीही कुणाचंही नाव-पत्ता मिळवेल, नाही का?

खालच्या कोर्टात व्हेरायझन हरली. सप्टेंबर २००३ मध्ये संघटनेने २६१ जणांवर खटले भरले. त्यात न्यूयॉर्कची एक १२ वर्षांची मुलगी होती! तिच्या आईने २००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. एका आजीबाईंवर तर ‘कझा’वरून रॅप गाणी वाटल्याचा आरोप! पण त्यांचा कॉम्प्युटर होता मॅकिंटॉश, आणि त्यावर ‘कझा’ चालतच नव्हतं. फुटलं ना अंडं! संघटनेला तो खटला मागे घ्यावा लागला.

डिसेंबर २००३ मध्ये वरच्या कोर्टाने व्हेरायझनच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर संघटनेला आधी ‘जॉन डो’वर, म्हणजे अनोळखी माणसावर, खटला भरावा लागे. मग न्यायाधीशांनी परवानगी दिली, तरच नाव मिळे.

म्हणजे टोपणनावाआड लपून गाणी वाटावीत, असं नव्हे हं! आपल्याकडेही १९५७ चा कॉपीराइट कायदा आहेच. पण आयपी अ‍ॅड्रेस ही नुसती बाही. आतला हात कुणाचा, हे नीट पाहिल्याशिवाय नाव पुकारायचं नाही!