बोकडाच्या पाठीत किती मांस?

पेण-रोह्याकडे ईदसाठी बोकड बघणारा जाणता माणूस आधी कमरेवर हात ठेवतो, मणक्याच्या बाजूंना बोटे दाबतो, मग छातीखाली चाचपतो आणि मगच भाव बोलतो. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत सोनोग्राफीचा प्रोबही जवळपास तिथेच टेकवतात.

बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधे केस कापून तेल चोपडतात, कारण मधे हवा राहिली तर ध्वनी आत शिरतच नाही. साधारण साडेतीन मेगाहर्ट्झचा हा ध्वनी चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवरून परततो. शरीरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर. सेंटिमीटरभर खोलीवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या लक्षांशापेक्षा थोड्या जास्त वेळात येतो. त्यावरून पाठीच्या स्नायूचे क्षेत्रफळ आणि कातडीखालच्या चरबीची जाडी मिळते. स्नायूत विखुरलेल्या चरबीचे धागे मात्र वेगळे दिसत नाहीत. पडद्यावरच्या ठिपक्यांच्या पोतावरून संगणक त्यांचा अंदाज बांधतो, आणि हा आकडा जरा जपूनच घ्यावा.

हा खटाटोप कशासाठी? वळूचे मांस कसे आहे हे कापल्यावर कळते, पण तेव्हा वळूच उरत नाही. पूर्वी त्याच्या संततीची कत्तल होईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागे. आता तो वर्षाचा असतानाच मोजता येतो. आपल्याकडचा ओंगोल ब्राझीलला जाऊन नेलोर झाला, आणि तिथे त्याच्याही पाठीवरून हा प्रोब फिरतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे गोठ्यात हे यंत्र येते ते गाभण तपासायला. हाताने तपासून खात्री व्हायला दीड-दोन महिने लागतात, यंत्र महिनाभरात सांगते.

पाठ मोजायची तर इथे बोकडाची. पण शेळीची जात चरबी आतड्या-मूत्रपिंडांभोवती साठवते. कातडीखाली जेमतेम थर, त्यात एखाद्या मिलिमीटरची चूक म्हणजे सगळा हिशेब बिघडला. म्हणून पाठीच्या स्नायूची खोली आणि छातीखालची चरबी मोजणे बरे. गाभण तपासणीचा प्रोब त्यालाही चालतो.

खरे दुखणे निराळेच आहे. सर्वांत झपाट्याने वाढलेला बोकड ईदला सर्वांत आधी विकला जातो आणि पैदाशीला मागे राहतो तो किरकोळ. दरवर्षी अशी उलटी निवड चालते. तिला आवर घालायला माझ्या मते आधी वजनकाटा आणि जन्मतारखांची वही हवी. सोनोग्राफी त्यानंतर, एकाच वजनाच्या दोन बोकडांत पाठ कोणाची भरलेली हे ठरवायला. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. म्हणजे गावात तपासायचे बोकड मोजकेच निघतील, आणि गुरांच्या डॉक्टरांचे काम एका फिरतीत उरकेल; फक्त ती फिरती ईदचे व्यापारी यायच्या आधी व्हायला हवी.