परसातली भोपळी मिरची

भाजीतल्या भोपळी मिरचीचे बी पेरले आणि काही उगवलेच नाही, असा अनुभव आपल्याला असेल. माझे तर खोकेभर बी वाया गेले! दोष मातीचा नव्हता. हिरवी भोपळी मिरची म्हणजे कच्चे फळ. तिचे बी कोवळेच असते. झाडावर लालबुंद पिकलेल्या फळाचे बी घ्या, सावलीत वाळवा. ऑगस्ट-सप्टेंबरात अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. ८-१० दिवसांत कोंब वर येतात. रोपांना ५-६ पाने फुटली की दीड-दीड फुटावर लावा.

शेजारी लवंगी मात्र नको. मधमाशी परागकण इकडून तिकडे नेते. यंदाचे फळ गोडच लागेल. पण त्याच्या बियांतून पुढल्या वर्षी तिखट मिरची निघू शकते, आणि ते कळते ताटावर बसल्यावर!